डाव्या बाजूचा ॲक्सल

तात्या, आज मी चुकीच्या बाजूचा ॲक्सल काढला. निरवांगीची जीप बारामतीला माझ्या गॅरेजवर आली होती. चाळिसाच्या पुढं मागनं घुमल्यासारखा आवाज येतो, असं मालकाचं म्हणणं. इंदापूर रस्त्याला पळवून बघितली. उजव्या वळणाला आवाज वाढला तर डावं बेअरिंग, डाव्या वळणाला वाढला तर उजवं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मी ताडलेलं आहे. पण आज कुठल्याच वळणाला मला काही ऐकू आलं नाही. वर्षभर झालं, बारीक आवाज येतच नाहीत. मालक शेजारी बसून माझ्या तोंडाकडं बघतोय. मी म्हणालो, "डावं." चाक, ड्रम, मागचे चार नट काढले, शाफ्ट ओढून घेतला आणि बेअरिंग बोटानं फिरवलं, तर ते नव्यासारखं फिरलं. मालकाच्या ध्यानात यायच्या आत मी बेअरिंग धरून ठेवणाऱ्या कॉलरवर छिन्नी घातली आणि ते चांगलं बेअरिंग ठोकून काढलं. मग उजवं खोललं. त्याच्या छर्ऱ्यांना खड्डे पडले होते. "दोन्ही गेलीत," म्हणालो. तो म्हणाला, "तरीच! तुमच्यावाणी कान आख्ख्या तालुक्यात न्हाय, राव."

जॅकवर चाक फिरवून स्प्रिंगवर तळहात ठेवला असता तर थरथरीवरनं दोन मिनिटांत कळलं असतं. तुम्ही तेच करायचात. पणदऱ्याच्या तुमच्या जुन्या शेडमध्ये तुम्ही तसेच डोळे मिटून उभे, आणि मी, बाविशीचा, गिऱ्हाइकांसमोर म्हणतोय, "तात्या, बेअरिंग बघताय का नाडी? वैद्याला बोलवू काय?" सगळे हसले. तुम्ही हात काढून घेतलात, फडक्याला पुसलात. "तूच बघ बाबा, मला आता ऐकू येत न्हाय," म्हणालात आणि बाहेर जाऊन बसलात. पुढं पंक्चरशिवाय कशाला शिवला नाहीत. माझा हात बसला म्हणून तुम्ही गॅरेज सोपवलंत, असंच मी आजवर लोकांना सांगत आलो.

आज स्प्रिंगकडं माझा हात गेला होता. मालक बघत होता, म्हणून खिशात घातला.

रात्री जेवताना सून काहीतरी बोलली, सगळे हसले, मीही हसलो. कशाला, ते ठाऊक नाही. तुम्ही चारचौघांत एका वाक्यात सांगून मोकळे झालात. मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. उद्या अशाच आवाजाची आणखी एक गाडी आहे. फोनवर तिचा मालक काय काय म्हणाला ते नीट कळलं नाही, तरी मी "आणा" म्हणालो.