शेजारची सीट

बुधवार, ३ जानेवारी

सीट गरम होती. माझी नव्हे — शेजारची!

सकाळी सहाचं घड्याळ लावलेलं असतं. मी कॉफी पिते तोवर गाडी स्वतःला तापवून घेते, काचेवरचा बर्फ सुटतो, माझी सीट ऊबदार होते. पण फक्त माझी. शेजारची सीट माणूस बसला तरच तापते, रिकामी असली तर नाही. आज पिशवी ठेवायला हात टाकला, तर कापड गरम. नुसतं कोमट नव्हे. कोणी नुकतंच उठून गेल्यासारखं.

बाहेर उणे सव्वीस. इतक्या उत्तरेला सूर्य अजून दोन आठवडे दिसायचा नाही. अंगणात उभी राहून इकडेतिकडे पाहिलं. काय दिसणार?

कामावर गेल्यावर विसरले.

गुरुवार, ४ जानेवारी

पुन्हा.

यार्लेला फोन केला. घटस्फोट झाला तरी गाडीचं ॲप त्याच्या फोनवर अजून आहे, मला माहीत आहे.

म्हटलं, "माझी सीट तू गरम करतोस?"

"अगं ओड्रून, पहाटे सहाला मी माझं स्वतःचं अंग गरम करायला उठत नाही!"

"थट्टा नकोय."

"सेन्सर बिघडला असेल. कापडात ओल शिरली की गाडीला वाटतं माणूस बसलाय. मी तेव्हाच सांगत होतो, चामड्याची सीट घे."

चामड्याची घे म्हणे! जानेवारीत चामडं म्हणजे लादी. तो बसला असता का त्यावर?

पण त्याने माझ्यासमोर ॲप काढून टाकलं. म्हणजे फोनवर तसं म्हणाला तरी.

शुक्रवार, ५ जानेवारी

नाक लावून वास घेतला. जुनी लोकर. आणि सांधेदुखीवर चोळतात ते कापराचं मलम. सेन्सरला मलमाचा वास येत नाही, यार्ले.

रविवार, ७ जानेवारी

आज सुट्टी, म्हणून घड्याळ बंद. तरी मुद्दाम सकाळी खाली जाऊन दार उघडलं. सीट थंडगार. हुश्श केलं — आणि खाली पाहिलं. पायाखालच्या रबरी चटईवर बर्फाचे दोन ढीग, बुटांच्या आकाराचे. वितळले नव्हते. गाडी तापलीच नव्हती ना.

म्हणजे कोणी तरी आलं होतं. थंड गाडीत बसलं होतं. वाट पाहिली आणि गेलं.

इथे कोणी गाडीला कुलूप लावत नाही. आज मी लावलं.

सोमवार, ८ जानेवारी

कुलूप होतं, म्हणून आत कोणी नव्हतं. पण काचेवर!

शेजारच्या सीटच्या बाजूच्या काचेवर हिमाचा थर होता. त्यात दोन तळवे उमटलेले. हातमोजे नव्हते, बोटं स्पष्ट. त्यांच्या मधोमध एक गोल, वितळून पुन्हा गोठलेला. कपाळ टेकवलं होतं कोणीतरी. कपाळ टेकवून आत पाहत होतं, माझ्या तापत्या गाडीत.

माझ्या खांद्याइतक्या उंचीवर तो गोल. मी काही उंच नाही. म्हणजे ते जे कोणी आहे, ते फारच बुटकं आहे.

मासळीच्या धक्क्यावर बिर्गितला सांगितलं. ती माशांची वजनं लिहिता लिहिता म्हणाली, "बुडालेला कोळी असेल. त्यांनाही थंडी वाजत असणार."

"गप गं!"

"अगं, मग त्याला बसू दे की. भाडं माग."

सगळे हसले. मीही हसले. पण येताना शेजारच्या सीटकडे न बघता गाडी चालवली. पट्टा लावा म्हणून दिवा लागेल की काय, असं सारखं वाटत होतं.

मंगळवार, ९ जानेवारी

कळलं! आणि मी मूर्ख!

काल रात्री मुद्दाम कुलूप लावलं नाही. आज स्वयंपाकघरात दिवा न लावता खिडकीशी उभी राहिले. गाडीने तापायला सुरुवात केली, आतला दिवा लागला. थोड्या वेळाने कुंपणाच्या बाजूने काहीतरी पांढरं आलं. चालणं असं की पाय उचलतच नव्हतं, नुसतं सरकत होतं. दार उघडलं, आत बसलं, दार लावलं.

मग आतल्या उजेडात चेहरा दिसला. गुन्वोर! शेजारच्या एडविनची बायको. रात्रीचा पांढरा झगा, वर स्वेटर, पायात एडविनचे भले मोठे बूट, म्हणून तसं सरकणं. बिचारीला दोन वर्षांपासून काही आठवत नाही.

धावत गेले. दार उघडलं तर ती मांड्यांखाली हात घालून बसलेली, शहाण्या मुलीसारखी.

"गुन्वोर, अहो, असं काय बाहेर आलात? गोठून जाल!"

"नाही गं. छान गरम आहे." मग जरा ओशाळून, "मी जातेच लगेच. जरा तापले की."

"एडविन कुठे आहे?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "झोपलाय."

तिला माझा कोट घातला, त्यांच्या फाटकापर्यंत सोडलं. घरात दिवे होते, धुराड्यातून धूर नव्हता; पण हल्ली सगळ्यांकडे विजेचीच शेगडी. आत गेले नाही. एडविनचा स्वभाव! शरद ऋतूत मी नगरपालिकेच्या मदतनीस बाईचं नाव काढलं, तर म्हणाला होता, "माझ्या बायकोला मी सांभाळतो. तू तुझा नवरा सांभाळला असतास तर बरं झालं असतं." तेव्हापासून बोलत नाही आम्ही.

तरी म्हातारा गाढ झोपतो आणि बायको उघड्यावर फिरते, हे त्याला सांगायला हवं. संध्याकाळी दोनदा फोन केला. उचलला नाही. नंबर बघून उचलत नसेल. खडूस!

बुधवार, १० जानेवारी

आज तिच्यासाठी थर्मासमध्ये कोको घेऊन खाली गेले. ती आलेलीच होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर, ती शेजारी. दोघी गरम. बाहेर उणे एकोणतीस. कापडावर तळवा फिरवत म्हणाली, "आमच्याकडेही अशीच आहे. एडविनने मुद्दाम अशीच मागवली. माझी पाठ दुखते ना."

मजेत होती. आईबद्दल बोलली, रेनडियरच्या कातड्यांवर झोपायचे त्याबद्दल बोलली. मी तिच्या आवाजात अगदी गुंगले होते. मला वाटतं, यार्ले गेल्यापासून या गाडीत माझ्या शेजारी कोणी बसलंच नव्हतं.

मग एकदम उठली. "आता पुरे. आता गेलं पाहिजे, नाहीतर वाटेत निवून जाईल."

"काय निवेल? कोको संपव की."

ती निघालीसुद्धा. दोन्ही हात काखेत, खांदे पुढे काढून, वाकून, भराभर. भरलेलं भांडं हिंदकळू नये म्हणून माणूस चालतो तशी. मी गाडीतून पाहत होते. घराच्या पायऱ्या ओलांडून ती पुढे गेली. गॅरेजच्या बाजूचं लहान दार उघडून आत शिरली.

गॅरेजमध्ये कशाला?

बोट धक्क्याला लागली म्हणून बिर्गितचा फोन आला, निघावं लागलं. पण दिवसभर तेच डोक्यात. उद्या एडविनला गाठायचंच. दार उघडलं नाही तर पोलिसांना बोलावेन, मग त्याला काय बोलायचं ते बोलू दे.

गुरुवार, ११ जानेवारी

पोलीस आता गेले. गुन्वोर माझ्या पलंगावर झोपली आहे. लिहून टाकते.

सकाळी तिने स्वतःच विचारलं. "एडविनला इकडे आणू का? आमची गाडी बंद पडली. तेव्हापासून तो फार गार पडलाय."

मी तिच्या मागून गेले. एडविन गॅरेजात गाडीत बसला होता, ड्रायव्हरच्या सीटवर. कोट, टाय, पट्टा लावलेला. नववर्षाच्या दिवशी चर्चला निघाले होते दोघं. गॅरेजचं मोठं दार उघडायच्या आधीच गेला असावा. त्यांचीही गाडी विजेचीच, आवाज करत नाही, धूर सोडत नाही. कोणाला कळणार? सीट तापत राहिली, त्याची पाठ ऊबदार राहिली, आणि तिला वाटलं, झोपलाय. मग बॅटरी संपली.

ती आपल्या जागी बसली, काखेतून हात काढले, आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "बघ," मला म्हणाली, "जरा फरक पडतोय."

मी त्याच्या गालाला हात लावला. दगड. मग उजव्या हाताला लावला.

कोमट होता.