अनंताच्या पुस्तकाला आलेली पत्रं

४ जानेवारी १९८८, सोमवार
अनंताकडे आज आणखी सहा पत्रं. वरच्या मजल्यावरून वाचून दाखवायला स्वतः खाली आला. धाकटा भाऊ, पण पुस्तक आल्यापासून जिना थोरल्यासारखा उतरतो. बॉक्सिंगवरचे त्याचे पेपरातले सगळे जुने लेख, एका बांधणीत. कोल्हापूरचा कोणी प्राध्यापक लिहितो, "ठोसे आपणच खाल्ल्यासारखे वाटतात." खाल्ले कोणी? नाक माझं मोडलं, अभिप्राय त्याला.
सौ. म्हणाली, "अहो, चहा घ्या आधी. जळायला दिवस पडलाय."

७ जाने., गुरु.
आज चार. पैकी तिघांना 'घंटेनंतर' हाच लेख सर्वांत आवडला. आवडणारच. त्यात मी आहे.
कॅम्पातल्या हॉलमधली फायनल. मी तेविसाचा, समोर उस्मान. दुसरी फेरी संपल्याची घंटा झाली, मी हात खाली घेतले आणि उस्माननं ठोसा मारला, पंचाला दिसलं नाही, असा तो लेख. त्या एका लेखानं अनंताचं नाव झालं. मला पुढं कारखान्यात तीस वर्षं लोक "अरेरे" म्हणत राहिले. ती माझी मिळकत.
एक बाई लिहितात, "घंटेचा नाद अजून कानात आहे." बाईंचं वय, पत्रावरून, तिशीच्या आत.

८ जाने., शुक्र.
काल एक लिहायचं राहिलं. म्हणजे टाळलं.
अनंता त्या दिवशी हॉलवर नव्हताच. नुकताच नोकरीला लागलेला, पेपरानं त्याला क्रिकेटला पिटाळलं होतं. संध्याकाळी घरी आला तेव्हा मी ओला टॉवेल जबड्याला लावून बसलेलो. त्यानं विचारलं, मी सांगितलं, त्यानं तिथंच पाटावर बसून लिहिलं. आता पत्रांत सगळे म्हणतात, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही." येतं हो. उत्तम येतं.

१२ जाने., मंगळ.
दुसरी आवृत्ती निघणार. मागच्या पानांवर निवडक वाचकांचे अभिप्राय छापायचेत. अनंता पत्रांचे गठ्ठे करतोय, 'उत्तम', 'बरे', 'नको'. 'नको'मध्ये एकच पत्र, धायरीच्या एका गृहस्थांचं. "मारामारीवर एवढा कागद कशाला?" मला हे गृहस्थ फार आवडले.
अनंताच्या बायकोनं पेढे पाठवले. दोन खाल्ले. चांगले होते, हेही लिहून ठेवतो.

१५ जाने., शुक्र.
पोस्टकार्ड आलं. अनंतानं दारातूनच हातात दिलं. "दादा, हे बघ जरा." उतरवून घेतोय:
"पुस्तक सुनेकडून वाचून घेतलं. भाषा चांगली आहे. 'घंटेनंतर'मध्ये घंटा कुठून आली ते समजलं नाही. मी तिथे होतो. आपण नव्हतात. आपल्या बंधूंना विचारावं. त्यांना सलाम. उस्मान, सीट कव्हरवाले, स्वारगेट."
अनंता म्हणाला, "हा काय म्हणतोय?"
मी म्हटलं, "वय झालंय त्याचं." माझ्याच वयाचा आहे.

१६ जाने., शनि.
घंटा वाजली नव्हती.
फेरी चालू होती. मी दमलो होतो, हात खाली आले, त्यानं मारला, मी पडलो, पंचांनी दहा मोजले. झालं एवढंच. घरी आल्यावर अनंतानं विचारलं, "पडलास कसा?" नेहमी माझ्याकडे मान वर करून बघणारा पोरगा, तेव्हा उभ्यानं माझ्याकडे खाली बघून विचारत होता. मी म्हटलं, "घंटेनंतर मारलं त्यानं."

१७ जाने., रवि.
खरं लिहायचं तर कार्ड वाचल्यावर आधी आनंद झाला. एक वाक्य बोललो की अनंताचा सगळ्यात गाजलेला लेख भुईसपाट. 'उत्तम'चा गठ्ठा निम्मा होईल. दिवसभर मजेत होतो, सौ.ला भाजीसुद्धा आणून दिली. संध्याकाळी लक्षात आलं की लेख पडेल तो माझ्याच खोटेपणामुळे. तोंड त्याचं पडेल आणि नाव माझं जाईल. मग भाजीसुद्धा गोड लागेना.

१९ जाने., मंगळ.
अनंता : "दादा, तूच चार ओळी लिही. ज्याच्यावर लेख आहे त्याचाच अभिप्राय. घंटा ऐकली होती असं लिहिलंस की उस्मानला उत्तर मिळेल. शनिवारी मजकूर छापखान्यात जातोय."
पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला लिहायला सांगतोय, तेही स्वतःच्या पुस्तकासाठी. कोरा कागदसुद्धा देऊन गेला. आमच्या घरात कागद नसतात असं वाटतं की काय त्याला.

२१ जाने., गुरु.
बसनं स्वारगेटला. विचारत विचारत दुकान सापडलं. उस्मान जमिनीवर बसून स्कूटरच्या सीटवर रेक्झिन ताणत होता. खांदे अजून तसेच. ओळखलं लगेच.
"ये दत्ता. कार्ड पोचलं वाटतं."
मी उभ्या उभ्याच म्हणालो, "घंटा मीच सांगितली होती त्याला. माझं खोटं."
"ते मला लेख छापून आला त्याच दिवशी कळलं. तू नाही सांगणार तर कोण सांगणार?"
"मग इतकी वर्षं गप्प का बसलास?"
"पेपरात भाऊ तुझा. माझे सगळे भाऊ शिवणकामात."
चहा मागवला. मग म्हणाला (शब्द जवळपास हेच), "लोक विचारायचे, घंटा झाली होती ना रे? सवय झाली. राग त्याचा नाही. जिंकलो मी. माझ्यावर दोन ओळी, त्याही खोट्या. हरलास तू, तुझ्यावर सहा पानं. सुनेनं वाचून दाखवलं तेव्हा परत तसाच जळलो. तुला काय सांगू, फार जळलो मी तुझ्यावर."
माझ्यावर कोणी जळत असेल असं जन्मात वाटलं नव्हतं. शरम वाटायला हवी होती. आधी बरं वाटलं. शरम बसमध्ये वाटली, डेक्कनच्या पुढं.
निघताना त्यानं एकच विचारलं, "तुझ्या भावाला माहीत आहे का?"

२२ जाने., शुक्र.
सौ.ला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, "लग्नाला बत्तीस वर्षं झाली. मीही प्रत्येक नातेवाइकाला ती घंटा सांगितली आहे." आणि गॅस बंद करून पुढच्या खोलीत जाऊन बसली.

२३ जाने., शनि. स. ९
अनंता आला होता. "झाल्या का चार ओळी?" म्हटलं, नाही. म्हणाला, "मग उस्मानचं पत्र 'नको'मध्ये टाकतो."
मी म्हटलं, "ते छाप."
"का?"
"बस. सांगतो."
तो बसला, तेवढ्यात त्याच्या बायकोनं वरून हाक मारली, छापखान्याचा फोन. "आलोच" म्हणून गेला. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे.
सांगणार आहे. कालच ठरलंय. पण उस्मानसाठी सांगतोय, की अनंताचं तोंड उतरलेलं बघायला? मघा तो खुर्चीत बसला आणि काळजीनं माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा आत काहीतरी खूश झालं. ते जाईपर्यंत थांबावं म्हटलं तर पस्तीस वर्षांत गेलेलं नाही.
जिन्यात त्याच्या चपला वाजतायत.