संगमरवरी ओटा आणि माझी केमिस्ट्री

सोमवार, ९ तारीख
ही भावाकडे गेली. त्याचं घर बदलायचंय. रविवारी येणार. निघताना दोनदा बजावलं, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आंबट काही सांडू नका. हा संगमरवर मिळावा म्हणून ती दोन वर्षं थांबली होती, हे मला माहीत नाही का? सांगायची काय गरज? नवऱ्यावर काडीचा विश्वास नाही.

संकल्प: (१) ओट्यावरचा चहाचा जुना डाग काढून हिला सरप्राइज. (२) कन्येची शुक्रवारी सायन्सची परीक्षा आहे, तिला अ‍ॅसिड-बेस शिकवणे. कन्या म्हणाली, मामाला फोन करते, तो एम.एस्सी. आहे. म्हटलं, बाप जिवंत असताना?

मंगळवार, १०
धडा पहिला, थेट ओट्यावर. डागावर व्हिनेगर ओतलं. बारीक बुडबुडे आले. म्हटलं, बघ, घाण निघतेय. ती म्हणाली, कार्बन डायऑक्साइड निघतोय, दगड विरघळतोय. पुस्तकी ज्ञान! सकाळपर्यंत तसंच ठेवलं.

बुधवार, ११
डाग गेला! सोबत चकाकीही गेली. ताटाएवढा भाग पांढरट, खरखरीत. तरी नीट पाहिलं तर बाकीचा ओटाच जरा जास्त चकचकतोय.

दुपारी
घाबरायचं कारण नाही. अ‍ॅसिडने बिघडलं ते बेसने सुधारणार. यालाच उदासिनीकरण म्हणतात. खायच्या सोड्याचा लेप दिला. कन्येने विचारलं, उकडलेलं अंडं गार केलं की कच्चं होतं का? उलट उत्तरं देण्यात आईवर गेली आहे.

गुरुवार, १२
लेपाने काही झालं नाही. डोस कमी पडला असणार. व्हिनेगर आणि सोडा एकाच पातेल्यात घातले, म्हणजे दुप्पट ताकद. फेस उतू जाऊन गॅसच्या शेगडीत गेला. कन्येने शाळेतून आणलेले लिटमस उरलेल्या पाण्यात बुडवले. निळा निळाच राहिला, लाल लालच. म्हणाली, बाबा, दोघांनी एकमेकांना संपवलं, हे आता नुसतं खारट पाणी आहे. मी म्हटलं, लिटमस जुने असतील.

तिची रिव्हिजन राहिली. खोलीत दार लावून बसली. एकाग्रता चांगली आहे.

शुक्रवार, १३
कन्या परीक्षेला गेली आणि मला सुचलं. सगळा ओटा एकसारखा केला तर डाग कुठे उरतो? अर्ध्या तासात व्हिनेगर फासून मोकळा झालो. शेवटच्या कोपऱ्याला बाटली संपली. दुकान बंद. आता सगळा ओटा मॅट फिनिश आणि कोपऱ्यात वहीएवढा चकचकीत तुकडा. उठून दिसतो मेला.

शनिवार, १४
कन्या खूश आहे. संगमरवरावर आम्लाचा परिणाम उदाहरणासह लिहा, असा प्रश्न होता. पानभर लिहिलं म्हणे. शेवटी शिकवणारा कोण? हिचा फोन आला. ओटा कसा आहे, विचारलं. म्हटलं, उत्तम. ती म्हणाली, पुन्हा सांगा. लाइन खराब असावी.

रविवार, १५
ही आली, सोबत मेव्हणा. हिने बॅग ठेवली आणि ओट्यावरून हात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा. ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. ओरडली नाही. मग मात्र मला खरंच वाईट वाटलं.

मेव्हण्याने कन्येची पाठ थोपटली. कळलं ते असं: ती रोज संध्याकाळी मामाशी फोनवर अभ्यास करत होती. बाबांनी आज काय केलं ते सांगायचं, मग त्यात काय चुकलं ते मामा समजावायचा. सगळा धडा असाच पूर्ण झाला. हिला मंगळवारपासून सगळं माहीत होतं. पोरीचा अभ्यास बुडू नये म्हणून गप्प राहिली.

उदाहरण म्हणून काय लिहिलंस, असं कन्येला विचारलं. म्हणाली, आमचे बाबा.

उद्यापासून फिजिक्स घ्यावं म्हणतो.

संध्याकाळी
हिने सगळ्यांना चहा केला. स्वतःचा कप त्या चकचकीत कोपऱ्यावर ठेवला, खाली बशी घेऊन. माझा कुठे ठेवू, विचारलं. हातात, म्हणाली.

धरून बसलोय. डाव्या हाताने लिहितोय.