डोंगराच्या पायथ्याचे स्टेशन

प्रिय मेहुणेबुवा,

अनेक आशीर्वाद. तुझी साखर, तुझा रक्तदाब आणि तुझा स्वभाव ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (तिसऱ्याबद्दल आशा धरायची म्हणून धरतो.) तुझ्या बायकोच्या गुडघेदुखीला उतार पडला असेल. इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी शाळेच्या कचेरीत जन्मभर फायलींवर लिहीत आलो, त्यामुळे तो लिहिताना माझा हात कधी अडखळत नाही.

तर तुझा प्रश्न. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर मी माझ्या छोट्या रेल्वेचे फोटो टाकत असतो. इतर मंडळी अंगठा दाखवून मोकळी होतात. तुझ्या मुलीने तर 'काका, डोंगर अगदी खराखुरा वाटतो' म्हणून टाळ्या वाजवल्या. तू एकट्याने विचारलेस, की भावोजी, बाकी सगळे जिथल्या तिथे असताना हा डोंगर दर फोटोत वेगळीकडे कसा? स्टेशनमास्तरचा मुलगा शोभलास. उत्तर ग्रुपवर देण्यासारखे नव्हते, म्हणून कागद घेतला. पण ते मुळापासून सांगावे लागेल. (मला कुठलीच गोष्ट मधून सांगता येत नाही. कविताही नाही. कचेरीशेजारी मराठीचा वर्ग होता आणि सगळ्या कविता मी भिंतीपलीकडून पाठ केल्या; प्रत्येकीत एखादा चरण बाक सरकवण्याच्या आवाजात गेलेला आहे. तिथे मी अजूनही गुणगुणून पुढे जातो.)

तुझी ताई दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिचा पलंग मागच्या खोलीत खिडकीशी लावला. खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते. दोन दिवस तिने भिंत पाहिली आणि म्हणाली, भिंत वाईट नाही, पण हिच्यावरून काही येत नाही, जात नाही. स्टेशनच्या क्वार्टरात वाढलेली बाई. बालपणी हिच्या दुधाची, झोपेची आणि मार खाण्याची वेळ गाडीवर ठरायची. मी जुन्या खेळण्यांच्या दुकानातून एक इंजिन, चार डबे आणि बरेचसे रूळ आणले आणि ठरवले, की तुमच्या बाबांचे स्टेशन पलंगाभोवती उभे करायचे. आता ते स्टेशन मी आयुष्यात एकदाच पाहिले, लग्नाला उतरलो तेव्हा, आणि तेव्हा माझे लक्ष स्टेशनकडे नव्हते. म्हणून ती पडल्या पडल्या सांगणार आणि मी पुठ्ठा कापणार, असे ठरले.

फळ्या बसवायला सुतार बोलावला. त्याने पलंगाची लांबी घेतली, रुंदी घेतली, झोपलेल्या तुझ्या ताईकडे पाहिले, कानावरची पेन्सिल खिशात घातली आणि मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाला, "काका, तसलं काम मी करत नाही हो. आणि अजून त्या बोलतायत." त्याची समजूत घालता घालता चहा दोनदा उकळला. मग मात्र त्याने काम असे चोख केले की विचारू नकोस. उशापासून पायथ्यापर्यंत चारी बाजूंनी एकसंध फळी, भक्कम, स्क्रू मारून. त्याने हत्यारे आवरली, मी मोठ्या कौतुकाने मागे सरून पाहिले, आणि मग आम्हा दोघांच्याही ध्यानात आले की तुझी ताई आत आहे आणि सगळे जग बाहेर. तिच्या गोळीची वेळ झाली होती. माझे गुडघे फळीखालून जाण्याच्या वयाचे नाहीत. सुतार म्हणाला, बिजागरी उद्या आणतो. म्हणून आमच्या लाईनीवरची पहिली मालगाडी उद्घाटनाशिवायच धावली. डब्यात गुलाबी गोळी, मागच्या डब्यात पांढरी. तुझ्या ताईने माल उतरवून घेतला आणि पांढरी परत पाठवली. ती जेवणानंतरची होती.

दुसऱ्या दिवशी सुताराच्या आधी डॉक्टर आले. हे डॉक्टर म्हणजे गोल, प्रेमळ आणि सदा घाईत असलेले गृहस्थ. मी थांबा म्हणेपर्यंत ते फळीखाली शिरले. आत पोचले, पण उठताना प्लॅटफॉर्म डोक्यावर घेऊनच उठले. पाण्याची टाकी त्यांच्या कॉलरमध्ये गेली, तपासायच्या नळीत सिग्नल अडकला. त्यांनी तसेच नाडी पाहिली, छाती तपासली. तुझी ताई इतकी हसली की तिला धाप लागली, आणि त्या धापेकडे मात्र ते बराच वेळ घड्याळ धरून बघत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, खेळ चांगला आहे, चालू ठेवा. आणखी काही द्यायचे का, असे मी विचारले. तर म्हणाले, नाही, हेच चालू ठेवा. (भिंतीपलीकडून ऐकायची सवय असलेल्याला मधला गेलेला चरण कळतो.)

आता बिजागरी आहे. सकाळी नर्सबाई येतात, पाठ पुसायची म्हणजे दारातूनच ओरडतात, "आजोबा, लाईन बंद करा." मग फळी उचलून आत जातात. त्यांना मी नियम शिकवले होते, आता त्या मलाच दंड करतात.

आणि तुझा डोंगर. अरे, तो डोंगर म्हणजे तुझ्या ताईचे गुडघे. हिरव्या शालीखाली ती गुडघे उभे करून पडते आणि फोटोत ते पायथ्याच्या फळीमागे दिसतात. पलंगाचा कठडा मी फोटोतून कापून टाकतो, डोंगर कापवत नाही. कूस बदलली की डोंगर सरकतो. खोकला आला की भूकंप होतो, डबे रुळावरून उतरतात, आणि ती खोकता खोकता मला बजावते की आधी घाटातली गाडी बघा.

स्टेशन मात्र काही केल्या पुरे होत नाही. पाण्याची टाकी एक दिवस प्लॅटफॉर्मच्या डावीकडे होती, दुसऱ्या दिवशी उजवीकडे. तिकिटाची खिडकी कधी दाराच्या अलीकडे, कधी पलीकडे. मी मुकाट्याने उखडतो, मुकाट्याने चिकटवतो. तिला काही कळत नाही असे समजू नकोस. सकाळी सगळे कळते. दुपार कलली की स्टेशन खरे होते आणि खोली खोटी. तेव्हा संध्याकाळची पॅसेंजर यायची असते, तू मोठ्या गावच्या शाळेतून परत येतोस ती. तुझी ताई बाकावर खाऊ घेऊन बसायची म्हणे, आणि तू उतरताच आधी खाऊ कुठे आहे ते विचारायचास, मग ताई कुठे आहे ते. एका प्रसन्न क्षणी मी यावर दोन ओळी केल्या:

दूर धुराची रेघ उमटली, वाजे घंटा दोन,
बाकावरती बघते ताई, उतरेल आता कोण.

तिला म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, "चाल बरी आहे. पण यात विचारायचं काय? बारक्या उतरेल."

एवढेच विचारायला हे पत्र लिहिले, की ती टाकी नक्की कोणत्या बाजूला होती? आठवून कळव. तुम्हा सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
भावोजी

ता.क. टाकीचे फोनवर सांगू नकोस. फोन तिच्या उशाशी असतो आणि हे पत्र तिला कळायला नको. तुला काही कळवायचे नाही अशी मला सक्त ताकीद आहे. बारक्या घाबरतो, म्हणते. (तू साठी ओलांडलीस हे तिला सांगून पाहिले. म्हणाली, म्हणूनच.)

ता.क. २. फोटो पुन्हा एकदा पहिल्यापासून ओळीने बघ. डोंगर सरकतो हे तू बरोबर ओळखलेस. तो ठेंगणाही होत चालला आहे. शाल तीच आहे.

ता.क. ३. टाकी डावीकडे होती की उजवीकडे, याच्याशी मला काही देणेघेणे नाही. खरी गोष्ट अशी. मी तुझी एक बाहुली केली होती, दप्तरासकट, आणि ती पॅसेंजरमधून उतरवली. तिने चष्मा मागून पाहिले आणि म्हणाली, हा बारक्या नाही, याची चड्डी स्वच्छ आहे. मी चड्डीला चहा लावला. मग म्हणाली, हे नाक त्याचे नाही. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी पॅसेंजर स्टेशनात घेतलीच नाही. तिच्या उशामागे, जिथे तिला मान वळवून पाहता येत नाही, तिथे आउटर सिग्नल आहे. तिथे गाडी उभी करून ठेवली आहे. रोज संध्याकाळी ती विचारते आणि मी सांगतो, लेट आहे. किती लेट, म्हणते. सांगता येत नाही, म्हणतो. बाबाही असंच सांगायचे, म्हणते, आणि शांत झोपते. गाडी लेट असल्याचे तिला काही वाटत नाही रे. ती येऊन तू तिच्यात नसलास, याचे वाटते.

तेव्हा तू नीघ. फळी कशी उचलायची ते नर्सबाई दाखवतील. आत एका खुर्चीपुरती जागा आहे, बिजागरी असूनही मला तिथवर जाता येत नाही. सिग्नल मी तुझा पाय घरात पडल्यावरच देणार.

ता.क. ४. येताना खाऊ आणू नकोस. तो तिच्याकडे आहे. उशीखाली बिस्किटे ठेवली आहेत, नर्सबाईंनाही हात लावू देत नाही.