वाघाई मुंबईला गेली

२ फेब्रुवारी २००३
दिली! शकुकाकीनं वाघाईचा लाकडी मुखवटा शेवटी माझ्या हवाली केला. दुरडीत ज्वारी, ज्वारीत लाल कापडात बांधलेली वाघाई.
"शिमग्याबिगर आपल्या माणसानं कापड सोडायचं न्हाई, तात्या. तू बी न्हाई. मुंबईवाल्यान्ला काय, त्यान्ला कायदाच न्हाई."
मुंबईतलं प्रदर्शन महिनाभराचं. शिमग्याला माझा भाचा देवला हीच तोंडावर बांधून नाचणार. वेळेत परत आली नाही तर वाडी मला दारात उभं करणार नाही. शब्द मी दिलाय.

२० फेब्रुवारी
प्रदर्शनवाल्या रागिणीबाईंचा फोन. माझ्या लाकडाच्या वखारीतली करवत बंद करून ऐकला. "दोनशे वर्षांपूर्वीचा कुणी अनाम कलावंत, तातेराव! काय धाडस आहे त्या नाकात!"
नाकात? आमच्या वाघाईचं नाक साधं, सरळ. पण बोललो नाही. गिऱ्हाईक खूश असलं की मध्ये बोलू नये — जवळा बाजार गावात टोपल्या विकत होतो तेव्हाच शिकलोय.

५ मार्च
नाही आली! "प्रदर्शन वाढवलंय." मी म्हणालो, आणि शिमगा कुणी वाढवायचा? बाई हसल्या. मला हसू आलं नाही.
देवला वखारीत येऊन नुसता उभा राहतो. आज म्हणाला, "मामा, उघड्या तोंडानं नाचू का मग?"

९ मार्च
घास उतरत नाही. काकी मात्र पापड लाटून राहिली! "येईल की. जाती कुठं?"
एवढी कशी निवांत?

१४ मार्च
आली!! हिंगोलीच्या स्टँडवर खोकं उतरवून घेतलं, वाघाई मांडीवर ठेवली. जड! कापडावरूनच बोटानं वाजवून बघितलं. वाघाई पांगाऱ्याची; पांगारा हलका, पोकळ बोलतो. हे बद्द वाजलं. सागवान! जन्म गेला लाकूड ऐकून विकण्यात, कान चुकायचा नाही. मुंबईत बदललं! आणि कापड सोडून बघायची सोय नाही.
बाईंना फोनवर नको नको ते बोललो. रडल्या. "तातेराव, शपथ घेते..."

१५ मार्च
काकीच्या पायाशी बसून सांगितलं, वाघाई चोरीला गेली. काकी हसतच सुटली! कणगीतली ज्वारी हातानं सारली. आत तसलंच लाल कापड, तशीच गाठ. वाजवलं. पोकळ. गोड.
"वाघाई काहून जाईल मुंबईला? म्या तुला तुझंच दिलं."
माझं! जळबाकाकाजवळ, काकीच्या नवऱ्याजवळ, सोंगं म्हणजे मुखवटे करायला शिकत होतो तेव्हा कोरलेलं. महागाचं लाकूड म्हणजे झ्याक सोंग, म्हणून साग निवडला होता. नाक वाकडं गेलं. काकानं हातात तोलून बघितलं होतं: "नाचणाऱ्याची मान मोडंल, लेकरा. तू आपलं लाकूड इक." तेव्हापासून विकतोय.
"काकानं जाळलं न्हाई ते?"
"म्हणले, पोराचं पहिलं हाय. राहू दे."
माझं ते सागाचं सोंग परत मांडीवर घेतलं.

१९ मार्च
काल देवला नाचला. वाघाई बांधून, बराबर.
आज बाईंना फोन केला, माफी मागितली. बाई मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, "त्या जुन्या कलावंताचं आणखी काही मिळेल?"
"जुना न्हाई बाई तो," म्हणालो. "अजून शिकून राहिला."
दुपारी कुरुंद्याचं गिऱ्हाईक आलं. पांगाऱ्याचा एक ओंडका त्याला दिला नाही. कोरायला ठेवला.