ती एकोणीसचीच राहिली

दिग्रस,
२० नोव्हेंबर २०२५

ती. इंदूताईंना सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक. कापूस वेचणं चालू आहे, बायका मिळत नाहीत. अर्पिताचे पेपर चांगले गेले. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? भावजयीचं पत्र पाहून नवल वाटेल, पण फोनवर तुम्ही विषय बदलता.

दिवाळीत अर्पितानं टीव्हीवर एक सिनेमा लावला होता. त्यातल्या बाईचं वयच वाढत नाही. तिचा प्रियकर म्हातारा होतो, ती मात्र वीस वर्षांचीच. मला कंटाळा आला. पण तुमचे भाऊ रडले, ताई. मामंजी गेले तेव्हाही न रडलेला माणूस! विचारलं तर म्हणे, डोळ्यात कचरा गेला.

तेव्हापासून माझं लक्ष त्यांच्यावर. दर बुधवारी भाव पाहायला म्हणून आर्णीला जातात. कापसाचा भाव काय दिग्रसात कळत नाही? मग खिशात आर्णीच्या मेडिकलची पावती सापडली, शुगरच्या गोळ्यांची. आपल्या घरी शुगर कोणाला आहे?

खोटं कशाला लिहू. मागच्या बुधवारी माहेरी जाते सांगून निघाली आणि आर्णीला उतरली. त्या मेडिकलसमोरच्या कापड दुकानात तासभर साड्या पाहत बसली. हे आले, औषध घेतलं आणि मागच्या गल्लीत एका घरात आपल्याच घरासारखे शिरले. ते गेल्यावर मी कडी वाजवली. तोंडात शिव्या तयार होत्या.

दार एका म्हातारीनं उघडलं. डोळ्यांनी अधू. भिंतीवर दोन वेण्यांच्या पोरीचा फोटो, त्याला हार.

"माही पोरगी," म्हातारी म्हणाली. "बबनसंग सोयरीक झालती. लग्नाले पंधरा दिवस राह्यले अन् ताप डोक्यात गेला. एकोणीस वर्साची होती. तो अजून येते बिचारा."

"नाव काय होतं, मावशी?"

"नंदा. अन् तुह्यं काय व माय?"

मला माझं नाव सांगता आलं नाही.

ताई, लग्नात तांदळाच्या ताटात माझं नवं नाव लिहिताना ह्यांचा हात थांबला होता. तुम्हीच म्हणालात, "लिह नं रे, मनात हाये ते." ह्यांनी नंदा लिहिलं. मी लाजून पाहत होती. सव्वीस वर्षं हे एकोणीस वर्षांच्या पोरीला हाक मारत आले आणि मी ओ देत आली. माझे केस पिकले. तिचे कुठून पिकणार?

घरी येऊन विचारलं. म्हणाले, "सुरुवातीले तिलेच मारत होतो हाक. मंग कधी तुलेच मारायले लागलो, मले समजलंच नाही."

खरंही असेल. माझा विश्वास बसत नाही. म्हातारीचं औषध बंद करू नका, एवढं मी सांगितलं. आणि मला माहेरच्या नावानं हाक मारा.

काल सकाळी ओसरीतून ह्यांनी त्या नावानं हाक मारली. मी गॅसपाशी होती. मला वाटलं, घरी कोणी पाहुणी आली.

तुम्हाला ठाऊक होतं ना? हो की नाही, तेवढंच लिहा. फोन करू नका.

तुमची भावजय,
रत्नमाला