यंत्रास गप्प बसू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
संगणक केंद्र, वुकिरसारी विद्यापीठ,
सालातिगा, मध्य जावा.

विषय : माझ्या बीजगणिताच्या आज्ञावलीस पडद्यावर काही न छापता काम करू देण्याबाबत.
संदर्भ : "वापर अतिसंथ, सवलत सोमवारपासून रद्द" हे आपण फलकावर लावलेले पत्र.

महोदय,

मी, रेत्नो पालुपी, गणित विभागातील संशोधक, सदर पत्राने अत्यंत संतापले आहे. पुढील महिन्यात माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आहे आणि प्रबंधातील शेवटचे समीकरण आपल्याच यंत्रावर सुटायचे आहे. यंत्र वापरण्याची सवलत गेली की पदवीही गेली.

मुळात माझी आज्ञावली मुकाट्याने काम करीत असे. आपले तंत्रज्ञ श्री. जात्मिको ती दरवेळी मध्येच बंद पाडीत. जाब विचारला तर म्हणाले, "रेत्नोबाई, पडद्यावर काही हलत नाही म्हणजे ते झोपलंय. झोपलेल्याला उठवून घरी पाठवायचं, केंद्राचा नियमच आहे."

म्हणून, त्यांच्याच सांगण्यावरून, मी प्रत्येक पायरी पडद्यावर छापायला लावली. इथे नुसते आकडे नसतात, महोदय. मधली एकेक राशी पोथीएवढी होते आणि छापण्याआधी यंत्राला ती नीट लावून घ्यावी लागते. गणित राहिले बाजूला, यंत्र दिवसभर लिहीतच बसते. श्री. जात्मिको मात्र खूश. "आता कसं जिवंत वाटतंय," म्हणाले.

मग आपली चौकशी समिती आली. सदस्यांनी बैठकीसाठी आलेला खोक्यातला खाऊ खाल्ला, पडद्यावरच्या पळत्या ओळींचा फोटो काढला आणि मी जरा सोपे गणित निवडावे असा अभिप्राय दिला. यंत्र कशात अडकले आहे हे बघायची तसदी एकानेही घेतली नाही. लाज वाटायला हवी होती.

शेवटी मीच शोधले. छापणे बंद करून तेच गणित घरच्या जुन्या लॅपटॉपवर लावले. जिथे आपले यंत्र आठवडाभर रखडले होते, तो टप्पा भात शिजायच्या आत पार पडला. पुढे लॅपटॉपची मेमरी पुरत नाही, नाहीतर आपल्या दारात आलेच नसते.

तरी सवलत चालू ठेवावी व पडदा कोरा दिसला तरी यंत्रास कोणी हात लावू नये. आज सकाळी मी ती आज्ञावली छापणे बंद करून पुन्हा सुरू केली आहे. यंत्र गप्प आहे, म्हणजे काम करीत आहे. श्री. जात्मिको दर थोड्या वेळाने काचेतून डोकावतात, म्हणून यंत्राशेजारी खुर्ची टाकून मी स्वतः हात हलवीत बसले आहे. आपला निर्णय येईपर्यंत उठणार नाही.

चिडलेली, तरीही आपली नम्र,
रेत्नो पालुपी
सालातिगा, १४ मे

सोबत : एका मधल्या राशीचे पहिले पान. उरलेले गठ्ठे आपल्या दाराशी ठेवले आहेत.